हिरवा अ‍ॅव्हेंच्युरीन खरा आहे का ते घरी कसं बघायचं

आधी दगड उन्हात न्या, ट्यूबलाइटखाली काहीच कळत नाही, उजेड एकाच दिशेने आला पाहिजे, मोबाइलचा टॉर्चसुद्धा चालेल. दोन बोटांत धरून हळूहळू फिरवा. एका कोनात आला की आतले बारीक कण एकदम लुकलुकतात, जरा हलवला की ते विझतात आणि शेजारचे पेटतात. मला अजूनही हे बघायला तितकंच आवडतं.

अ‍ॅव्हेंच्युरीन हा क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच्या जातीचा दगड, पण ही चमक क्वार्ट्झची नाही बरं का. क्वार्ट्झ मुळात रंगहीन, त्याच्या आत फुक्साइटच्या पातळ चकत्या अडकलेल्या असतात, फुक्साइट म्हणजे क्रोमियम असलेलं अभ्रक, आणि हिरवा रंगही त्याचाच. म्हणून रंग सहसा सगळीकडे सारखा नसतो, जिथे अभ्रक दाट तिथे गडद, विरळ तिथे फिकट. काही दगडांत चमक अगदी कमी असते, तेवढ्यावरून खोटा म्हणू नका.

आता नक्कल. हिरवा गोल्डस्टोन म्हणजे निव्वळ काच, त्यात झगमग जास्तच असते आणि कण एकसारखे पसरलेले, कधी कधी हवेचे बुडबुडेही दिसतात. गंमत म्हणजे नाव आधी काचेला मिळालं, इटलीतल्या मुरानोची ती काच, इटालियन भाषेत 'आ व्हेंतुरा' म्हणजे योगायोगाने, आणि मग तशीच चमक दिसते म्हणून दगडालाही तेच नाव पडलं. रंगवलेला क्वार्ट्झ असेल तर १०एक्सच्या लूपमधून, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा, रंग भेगांमध्ये साचलेला दिसतो.

'इंडियन जेड' म्हणून विकतात तोही बहुतेक वेळा हाच असतो, जेड हे वेगळंच रत्न, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. हे वजनावरून पकडता येतं, फक्त दगड सुटा हवा आणि वजनकाटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. आधी दगडाचं वजन करा, मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवा, तळाला किंवा कडेला टेकवू नका. आता जो आकडा दिसेल त्याने पहिल्या वजनाला भागा. समजा १३.२ ग्रॅमचा दगड आणि पाण्यात आकडा ५.० आला, तर उत्तर २.६४, म्हणजे दगड पाण्याच्या तितक्या पट जड, क्वार्ट्झच्या घरातलं. जेड साधारण २.९ ते ३.४ मध्ये येतो. अगदी छोट्या मण्यावर हे करू नका, थोड्याशा चुकीनेही उत्तर पार बदलतं.

काठिण्य मोहज स्केलवर (कठीणपणा मोजायची १ ते १० ची पट्टी) ६.५ ते ७, काचेवर चरा पडतो, पण ही टेस्ट फक्त कच्च्या तुकड्यावर करा, पॉलिश केलेल्या मण्यावर अजिबात नाही, कड उडाली की परत येत नाही. धुवायला कोमट पाणी आणि साबण पुरे. पुष्कराज किंवा नीलम याच्यापेक्षा कठीण, त्यामुळे त्यांच्यासोबत एकाच डबीत ठेवू नका.