दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही? आधी अर्थिंग तपासा
जुन्या गाडीचे हेडलाइट मध्येच मंद होत असतील, किंवा स्टार्टर सकाळी नीट फिरून दुपारी नुसता ‘टक्’ आवाज करत असेल, तर नवी बॅटरी घेण्यापूर्वी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनाकडे आणि बॉडीकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या तारा तपासाव्यात. मल्टिमीटरने तारेचा केवळ रोध मोजून समाधान मानू नये, कारण तारेतले बहुतेक पेड तुटून एखादाच शाबूत असला तरी मीटर ती तार चांगलीच दाखवतो; दोष उघडा पडतो तो जोराचा प्रवाह वाहू लागल्यावरच.

म्हणून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून व हँडब्रेक ओढून, मीटर डीसी व्होल्टवर लावावा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवरच (क्लॅम्पवर नव्हे) आणि लाल पिन इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूवर टेकवावी, आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे. आकडा साधारण ०.२ व्होल्टच्या आत राहायला हवा. हेडलाइट लावून बॉडीचीही अशीच तपासणी करावी आणि त्या वेळी तार हळूच हलवावी. आकडा उडाला, तर दोष तिथेच आहे.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा उन्हातच उद्भवणारा दोष गॅरेजच्या सावलीत, थंड इंजिनावर शोधणे व्यर्थ आहे. गाडी तापलेली असतानाच मोजावे. दुरुस्तीसाठी आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, सांध्यावरचा गंज आणि रंग सँडपेपरने चकाकेपर्यंत घासावा, बोल्ट घट्ट आवळावा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावावी.