न वाचता पुस्तक निवडताना

आमच्या वाचनगटासाठी पुस्तकं निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी मुद्रितशोधक आहे. "तू तर दिवसभर पुस्तकंच वाचतेस!" दिवसभर मी वेलांट्या वाचते, पुस्तकं नव्हे, हे कुणाला पटेना. दर तीन महिन्यांनी सुचवलेली तीसेक नावं माझ्याकडे येतात आणि त्यातली चार ठेवायची असतात. तीसच्या तीस वाचून निवडायला बसले तर गटाची तीन वर्षं जातील. म्हणून न वाचताच निवडते. सहा वर्षं करतेय, चुकतेही. पण आता पूर्वीइतकी चुकत नाही, म्हणून हे लिहितेय.

एक आधीच सांगते. ही युक्ती कुठलं पुस्तक उचलायचं हे ठरवण्यापुरती आहे. ते भिकार आहे की थोर, हे चारचौघांत ठासून सांगायचं असेल तर वाचावंच लागेल.

पुस्तक किंवा त्याची नमुना पानं समोर असतील तर मलपृष्ठापासून सुरुवात करू नका. तिथला मजकूर लिहिणाऱ्याने पुस्तक वाचलेलं असतंच असं नाही. लेखकाची शेवटची दोन प्रकरणं यायची होती आणि मलपृष्ठ तयार होऊन माझ्या टेबलावर आलं होतं, असं एकदा नाही, तीनदा झालंय. या मजकुराला इंग्रजीत 'ब्लर्ब' म्हणतात, आणि तो शब्द मुळात थट्टेतून जन्माला आला. १९०७ साली जेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने आपल्या पुस्तकाच्या वेष्टनावर मिस बेलिंडा ब्लर्ब नावाची एक काल्पनिक बाई छापली; तोंडाशी हात धरून ती पुस्तकाची स्तुती ओरडून सांगतेय. ती बाई अजून गप्प बसलेली नाही.

आधी हक्कांचं पान पाहा, जे कुणीच पाहत नाही. 'पहिली आवृत्ती १९९८, पुनर्मुद्रण २०२३' असं असेल तर आतली माहिती १९९८ ची आहे, मुखपृष्ठ कितीही ताजं असो. कादंबरीला त्याने काही फरक पडत नाही. आहार, गुंतवणूक, संगणक असल्या विषयाला पडतो. 'सुधारित आवृत्ती' लिहिलेलं असेल तर काय सुधारलं हे प्रस्तावनेत शोधा. तिथे चकार शब्द नसेल तर बहुधा शुद्धलेखन सुधारलंय, आणि तेही माझ्यासारख्या कुणीतरी.

माहितीपर पुस्तक असेल तर मागची सूची उघडायची आणि त्या विषयातली आपल्याला पक्की ठाऊक असलेली एकच गोष्ट शोधायची. छपाईच्या इतिहासावरचं पुस्तक आलं की मी कोरिया शोधते. धातूच्या सुट्या अक्षर-खिळ्यांनी १३७७ साली तिथे छापलेल्या 'जिक्जी' या बौद्ध ग्रंथाचा एक खंड आजही जपलेला आहे. जर्मनीतल्या गुटेनबर्गने छापलेलं बायबल १४५५ च्या सुमाराचं. लेखकाने छपाईची गोष्ट थेट गुटेनबर्गपासून सुरू केली असेल तर जिथे मला काही ठाऊक नाही तिथे मी याच्यावर कशी विसंबू? तुम्ही नर्स असाल तर इंजेक्शन शोधा, सुतार असाल तर सांधा. प्रत्येकाकडे असा एक कोरिया असतो.

मग भाषा. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सारखा शिजलेला असेल तर. पुस्तक सारखं शिजत नाही. पहिलं प्रकरण लेखकाने दहादा लिहिलेलं असतं, संपादकानेही सगळा जीव तिथेच ओतलेला असतो, आणि ऑनलाइन नमुना म्हणून तेच दाखवतात. शीत मधलं काढा. पान ९९ उघडून पाहा, असा सल्ला फोर्ड मॅडॉक्स फोर्ड या इंग्रज कादंबरीकाराच्या नावावर सांगितला जातो. मी शंभरीच्या पुढचं कुठलंही पान उघडते. तिथे एखाददुसरी छपाईची चूक दिसली तर माफ करा (माझं पोट त्यावर आहे). पण एकाच माणसाचं नाव दोन पानांवर दोन तऱ्हेने लिहिलेलं असेल तर लेखकानंतर हे पुस्तक सलग कुणीच वाचलेलं नाही. मग मीही वाचत नाही.

आता ऑनलाइन परीक्षणं. बरेचदा तेवढीच हाताशी असतात.

सरासरी तारे विसरा. ज्याला पुस्तक फार आवडलं तो लिहितो, ज्याची चिडचिड झाली तो लिहितो. ज्याला ठीकठाक वाटलं तो पुस्तक मिटून कामाला लागतो. त्यामुळे बहुतेक ठिकाणी पाच ताऱ्यांचा ढीग, एक ताऱ्याची छोटी टेकडी आणि मध्ये खळगा दिसतो. ४.३ आणि ४.१ मधल्या फरकावर डोकं लावण्यात अर्थ नाही. काही वेळा तारे पुस्तकाबद्दल नसतातच. पार्सल फाटकं आलं म्हणून एक, दुसऱ्या दिवशी आलं म्हणून पाच. काही वेळा पुस्तकच नसतं. २०२३ साली एलिझाबेथ गिल्बर्ट यांच्या एका आगामी कादंबरीला गुडरीड्स या वाचकांच्या परीक्षणांच्या साइटवर शेकडो जणांनी एकेकच तारा दिला तो तिचं कथानक रशियात घडतं म्हणून (तेव्हा युक्रेनचं युद्ध चालू होतं). ती तेव्हा छापलेलीही नव्हती. गिल्बर्ट यांनी प्रकाशन बेमुदत पुढे ढकललं.

पुरस्कार मिळालेल्या पुस्तकाचे तारे घसरलेले दिसले तर बिचकू नका. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच आढळलं: पुरस्कारानंतर वाचकांची मतं खाली गेली, अंतिम यादीत राहून हुकलेल्या पुस्तकांची तितकी नाही. कारण साधं आहे. पुरस्कार पाहून असे लोक पुस्तक उचलतात ज्यांनी एरवी ते हातातही घेतलं नसतं.

मी वाचायला सुरुवात करते तीन ताऱ्यांपासून, मग दोन. एक उदाहरण देते. दीपगृहावर नोकरी केलेल्या एका माणसाच्या आठवणींचं पुस्तक कुणीतरी सुचवलं होतं. पाच ताऱ्यांत होतं: "अप्रतिम! शब्दच नाहीत. प्रत्येकाने वाचायलाच हवं." शब्दच नाहीत म्हटल्यावर मला तरी काय कळणार? दोन ताऱ्यांत होतं: "काही घडतच नाही. दिव्याची भिंगं पुसण्यावर अकरा पानं. लेखकाची बायको एका वाक्यात येते आणि एका वाक्यात मरते." मी त्याच क्षणी पुस्तक यादीत घातलं. भिंगं पुसण्यावर अकरा पानं लिहिणारा माणूस मला हवाच होता, आणि बायकोच्या त्या एका वाक्यावरून गटात दोन तास भांडण झालं. तक्रार करणाऱ्याने पुस्तक नीट वाचलं होतं, फक्त ते त्याचं नव्हतं. म्हणून परीक्षणात तारे न पाहता ठिकाण पाहा: कुठलं प्रकरण, कुठला प्रसंग, किती पानं. ठिकाण सांगणारी शिवी ठिकाण नसलेल्या कौतुकापेक्षा जास्त कामाची.

आता फसले होते तो किस्सा. एक जुनी रशियन कादंबरी अनुवादात घ्यायची होती. परीक्षणांमध्ये "भाषा पाण्यासारखी वाहते" असं जो तो लिहीत होता. सगळ्यांनी प्रती मागवल्या आणि तिसऱ्या पानावरच मला पेन घ्यावंसं वाटलं. वाक्यं लंगडत होती. मागाहून कळलं की त्या साइटवर एका कादंबरीच्या सगळ्या अनुवादांची परीक्षणं एकाच खुंटीला टांगलेली होती. वाहणारी भाषा दुसऱ्याच अनुवादकाची. आमच्या हातातला अनुवाद ज्या वर्षी निघाला, त्याच्या कितीतरी आधीच्या तारखा त्या परीक्षणांवर होत्या. मी तारखा पाहिल्या नव्हत्या. आता अनुवाद असेल तर आवृत्तीचं वर्ष आणि परीक्षणाची तारीख शेजारी ठेवते, आणि अनुवादकाचं नाव घेणारं एखादं तरी परीक्षण शोधते.

खोट्या परीक्षणांचं म्हणाल तर ती पुरातन आहेत, म्हणजे इंटरनेटच्या हिशोबाने. २००४ साली अ‍ॅमेझॉनच्या कॅनडातल्या साइटवर तांत्रिक घोळ झाला आणि निनावी परीक्षकांची खरी नावं काही दिवस उघडी पडली. त्यात स्वतःच्याच पुस्तकाला पाच तारे देणारे लेखक सापडले. २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सने परीक्षणं विकणाऱ्या एका माणसाची हकीकत छापली: एक परीक्षण ९९ डॉलर, पन्नास घेतली तर ९९९. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या परीक्षणांच्या खरेदी-विक्रीवर बंदीचा नियम लागू झालाय. बरं झालं. पण डोळे आपलेच उघडे ठेवावे लागतात.

मी दोन गोष्टी पाहते. परीक्षणं एकाच आठवड्यात गठ्ठ्याने आलीत का, आणि त्यात मलपृष्ठावर नाही असं काही आहे का. दुसरी महत्त्वाची. पूर्वी विकतची परीक्षणं गुळमुळीत भाषेवरून ओळखू यायची; आता यंत्राकडून झकास भाषा मिळते, पात्रांची नावंही मिळतात. पण मलपृष्ठ शेजारी उघडून पाहा. 'नातेसंबंधांचा हळुवार शोध' मागे छापलेलं असेल आणि सात जणांना तोच हळुवार शोध लागला असेल, तर समजून जा. 'खरेदीची खात्री झालेली' अशी चिठ्ठी पाहूनही हुरळू नका. खरेदी झाली एवढंच तिला म्हणायचंय.

कवितासंग्रहाला यातलं काहीच लागू पडत नाही. तिथे सरळ तीन कविता वाचा.

आणि आता एक कबुली. एका परिचिताची कादंबरी आली त्या रात्री मी तिला पाच तारे दिले होते. "ओघवती भाषा, शेवटपर्यंत खिळवून ठेवणारी." शेवटपर्यंत मी गेलेच नव्हते, चाळीस पानं झाली होती, आणि सकाळी त्यांचा फोन येणार हे माहीत होतं. दोन वर्षांनी तीच कादंबरी गटाच्या तीस नावांत आली. सवयीप्रमाणे परीक्षणं उघडली. तीन ताऱ्यांत कुणीतरी लिहिलं होतं, "आजोबांच्या मृत्यूनंतरची शंभर पानं गाळली तरी चालेल." आणि सगळ्यात वर माझं, खाली 'एकेचाळीस जणांना उपयोगी वाटलं'. ज्याने नाव सुचवलं होतं, त्यानेही तेच वाचून सुचवलेलं.

मी ते यादीत घेतलं नाही. बैठकीत त्याने कारण विचारलं.

"परीक्षणं काही खात्रीची वाटली नाहीत," मी म्हटलं.