मांजर गेलेल्या माणसाला आठवणभेट देताय? या चुका टाळा

आमच्या कोल्हापुरात, मंगळवार पेठेत शेजारी राहणाऱ्या काकूंचा बोका, ढाण्या, गेला तेव्हा मी त्यांना त्याच्या फोटोची फ्रेम करून दिली. काकूंनी ती हातात घेतली, पदरानं काच पुसली, खिडकीपाशी नेऊन पुन्हा बघितली आणि हळूच म्हणाल्या, "ह्यो आमचा ढाण्या न्हवं गं."

फोटो त्याचाच होता. पण ढाण्याच्या डाव्या कानाचा तुकडा कधीतरी मारामारीत गेला होता, आणि फ्रेम करणाऱ्यानं फोटो 'साफ' करताना तो कान भरून काढला होता. नाकावरचा ओरखडाही पुसला होता. उरलं होतं ते कुणाच्याही घरचं देखणं मांजर. काकू रोज ज्या कानामागं खाजवायच्या, तोच कान फ्रेममध्ये नव्हता.

आठवणभेटीतली सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती आपल्या हातून फार सहज होते. दुकानात फोटो देताना "जरा चांगला करून द्या" एवढंच आपण म्हणतो. त्याऐवजी कागदावर लिहून द्या: कान फाटका आहे तसाच हवा, शेपटीला गाठ आहे ती हवी, एक मिशी पांढरी एक काळी आहे. नसबंदी केलेल्या भटक्या मांजराच्या कानाचं टोक ओळखीसाठी मुद्दाम सरळ कापलेलं असतं, तेही भरून काढायला देऊ नका. उजेड वाढवणं चालेल, पण मांजराच्या अंगावरची खूण हलता कामा नये. आणि छापण्याआधी नमुना मागवून तो मोठा करून बघा.

फोटो कुठला आणि कसा पाठवायचा

शेवटचा फोटो घेऊ नका. आजारपणात पाय भादरलेला असतो, सलाईनची सुई असते, डोळे खोल गेलेले असतात. घरच्यांना तेच दिवस विसरायचे असतात. "त्याचे जुने फोटो दाखवा की," असं म्हणून शेजारी बसा. कुठल्या फोटोपाशी बोट थांबतं ते बघा. तोच निवडा.

मग तो फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा मागवू नका. साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे तो सव्वापाच इंचापर्यंतच ठीक दिसतो. आठ बाय दहा इंचाच्या फ्रेमला २४०० बाय ३००० हवेत. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, मूळ फाइल तशीच येते.

काळ्या मांजराचं आणखी वेगळं. अंधारात काढलेला फोटो लाकडावर लेसरनं कोरला की नुसता काळा गोळा दिसतो. खिडकीच्या उजेडातला, डोळे स्पष्ट असलेला फोटो असेल तरच कोरून घ्या. आणि फोटो एकच, तोही हललेला असेल, तर छपाईचा नाद सोडा आणि चित्र काढून घ्या. आबालाल रहेमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात हाताला वळण असलेला चित्रकार शोधायला लांब जावं लागत नाही. त्याला डोळ्यांचा रंग आणि अंगावरचे पट्टे घरच्यांना विचारून सांगा.

कागदावरचा एकमेव फोटो मात्र दुकानात ठेवून येऊ नका, घरीच त्याची प्रत काढा. २०१९ च्या पुरात अल्बम भिजलेली घरं आपल्याकडं कमी नाहीत.

नाव आणि मजकूर

मराठीत ही गोष्ट फार नाजूक आहे. 'मांजर' नपुंसकलिंगी, पण घरात ते कधीच 'ते' नसतं. 'आमचा' की 'आमची', हे विचारून घ्या. तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं, पण घरच्यांनी तिला 'बाळ्या' म्हणून हाक मारली असेल तर भेटीवर बाळ्याच हवं. हाक मारायचे तेच नाव, दवाखान्याच्या कार्डावरचं नव्हे.

मोबाइलवर टाइप केलेला मजकूर काही दुकानांतल्या जुन्या फॉन्टमध्ये गेला की वेलांटी भलतीकडं जाते, जोडाक्षर फुटतं. धातूवर कोरलेलं पुसता येत नाही, म्हणून नमुन्यावर अक्षर न् अक्षर वाचा. जन्मतारीख माहीत नसेल तर अंदाजानं टाकू नका. गेलेलं जनावर इंद्रधनुष्याच्या पुलापाशी आपली वाट बघतं, अशा अर्थाची इंग्रजी ओळ बाजारात तयार मिळते, पण काकूंसारख्या बाईला ती काही सांगत नाही. त्यापेक्षा "ये रं ढाण्या" पुरे.

सामान

आपल्या पावसाळ्यात एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली, पाटी कडेनं फुगते. ॲक्रिलिक किंवा सागवान घ्या. कुंभार गल्लीत मूर्ती करून घेणार असाल तर विचारा, शाडूची की भाजलेल्या मातीची. शाडू भाजलेली नसते, परसात पुरलेल्या जागेवर ठेवली तर पहिल्याच पावसात विरघळते. गणपतीच्या आधीचे दोन महिने तर तिथं जाऊच नका, कुणाला मान वर करायला वेळ नसतो. रेझिनच्या लॉकेटमध्ये केस घालायचे तर ते पूर्ण कोरडे हवेत, नाहीतर बुडबुडे धरतात.

सराफांच्या गुजरीत चांदीचं पदक छान होतं, पण टाकाच्या आकाराचं करू नका. टाक देवघरातले, पूर्वजांचे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते खटकेल आणि भेट कपाटात जाईल.

आणि वेळ

मांजर हरवलंय की गेलंय, हे आधी नक्की करा. ज्या घरात रात्री अजून दार किलकिलं ठेवतात, बशीत दूध ओततात, तिथं स्मृतिचिन्ह नेणं म्हणजे त्यांच्या वतीनं आशा सोडून देणं. न विचारता नवं पिल्लूही नेऊ नका. घरात दुसरं मांजर असेल तर लिलीची फुलं अजिबात नको. लिलीचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते.

भेट चुकली तर गप्प बसू नका. मी काकूंकडून फ्रेम परत मागून घेतली, मूळ फाइल दिली आणि कान होता तसा करून आणला. या वेळी त्यांनी काच पुसली नाही. कानाच्या तुटक्या कडेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "भांडखोरच हुता." फ्रेम आता ओट्यावरच्या फळीवर आहे, दुधाच्या पातेल्याच्या बरोबर वर.