कोकणातल्या छोट्या शहराचे मतदान कसे वाचावे

कुडाळ, लांजा किंवा दापोलीसारख्या शहरात निकालाच्या संध्याकाळी तिठ्यावर गेले, की कोणती वाडी कोणाच्या मागे गेली याचा निवाडा तिथे आधीच झालेला असतो. त्यातला बराचसा भाग अंदाजाचा असतो, पण त्याचा परिणाम पुढची पाच वर्षे त्या वाडीच्या पाखाडीवर, नळावर आणि दिव्यावर होऊ शकतो. म्हणून शहराचा कल समजून घ्यायचा असेल, तर तिठ्यावरून घरी यावे आणि कागद घेऊन बसावे.

पहिला कागद म्हणजे नमुना २०. लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीत प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली, हे त्यात असते आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. टपाली मते त्यात वेगळी दाखवलेली असतात, ती कोणत्याही केंद्राच्या माथी मारू नयेत. दुसरा कागद म्हणजे मतदार यादी. तिच्या प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर त्या भागात कोणत्या वाड्या येतात ते दिलेले असते. केंद्रांचे क्रमांक निवडणुकीगणिक बदलू शकतात, त्यामुळे क्रमांकावरून तुलना न करता शाळेचे नाव आणि वाड्यांची नावे जुळवावीत. नगरपंचायतीचे काम याहून किचकट आहे, कारण ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि विधानसभेचीच यादी फोडून सतरा प्रभागांच्या याद्या तयार होतात. एकच वाडी दोन प्रभागांत विभागली गेलेली असू शकते. अशा वेळी साध्या नकाशावर दोन्ही सीमा दोन रंगांनी काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यानंतर टक्केवारीकडे वळावे, आणि कोकणात सर्वांत मोठी चूक इथेच होते. आपल्या यादीत चाकरमान्यांची नावे असतात. समजा, एका केंद्रावर ९०० नावे आहेत आणि ५४० जणांनी मतदान केले, म्हणजे ६० टक्के. परंतु त्यांतली २०० नावे मुंबईला राहणाऱ्यांची असतील आणि त्यांच्यापैकी फक्त २० जण आले असतील, तर गावात राहणाऱ्या ७०० पैकी ५२० जणांनी, म्हणजे सुमारे ७४ टक्के लोकांनी मत दिलेले असते. अशा वाडीला उदासीन म्हणणे अन्यायाचे आहे. मतदानाची तारीखही पाहावी. २०२४ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचे मतदान ७ मे रोजी, आंब्याच्या आणि सुट्टीच्या दिवसांत झाले आणि मुंबईचे २० मे रोजी. विधानसभेचे मात्र राज्यभर एकाच दिवशी, २० नोव्हेंबरला झाले. गावी येणे या दोन वेळी सारखे सोपे नव्हते. किनाऱ्यावरच्या केंद्रांत किती होड्या समुद्रावर होत्या, हेही विचारून घ्यावे. शिवाय स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे मांडावेत, कारण २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि इथला निकाल बहुतेक वेळा गावात राहिलेल्या बायकांच्या हातात असतो, असे माझे मत आहे.

आता निवडणुका शेजारी शेजारी ठेवाव्यात, पण पक्षाच्या नावाखाली सरळ रकाने ओढू नयेत. शिवसेनेतील २०२२ च्या फुटीनंतर २०१९ ची मते २०२४ मध्ये कोणाच्या रकान्यात लिहायची, हा खरा प्रश्न आहे. २०२४ च्या लोकसभेला रत्नागिरी-सिंधुदुर्गात नारायण राणे कमळावर (भाजप) आणि विनायक राऊत मशालीवर (शिवसेनेचा ठाकरे गट) लढले, धनुष्यबाण (शिंदे गट) मुख्य लढतीत नव्हताच. सहा महिन्यांनी कुडाळ विधानसभेत मशालीसमोर धनुष्यबाण होता. म्हणून प्रत्येक रकान्यात उमेदवार, चिन्ह आणि युती या तिन्ही गोष्टी लिहाव्यात. ग्रामपंचायतीत तर पक्षचिन्हेच नसतात, तिथे गावपॅनेल असते, आणि त्या निकालावरून पक्षांची बेरीज करू नये. जिथे नगराध्यक्ष थेट निवडला जातो, तिथे त्याची मते आणि त्याच पक्षाच्या प्रभागातील उमेदवारांची मते यांतला फरक काढावा. माणूस पाहून दिलेले मत आणि पक्षाला दिलेले मत त्यातून बरेचसे वेगळे होते.

मागे जाताना सीमा बदलल्याचे भान ठेवावे. बॅरिस्टर नाथ पै आणि नंतर १९७१ ते १९८९ सलग पाच वेळा मधु दंडवते ज्या राजापूर लोकसभा मतदारसंघातून निवडून आले, तो २००९ पासून अस्तित्वात नाही.

शेवटी, केंद्र म्हणजे समाज नव्हे. एकाच शाळेत मोहल्ला, भंडारवाडी आणि बौद्धवाडी मत देत असतील, तर त्या आकड्यावरून कोणत्याही एका वस्तीबद्दल विधान करता येत नाही, आणि तसे विधान छापणे मला घातक वाटते. आपले मत गुप्त आहे यावर म्हाताऱ्या आजीचा विश्वास असतो, तो आपल्या तक्त्याने मोडू नये. ज्या केंद्रावर मतदार थोडे आहेत किंवा एकच वस्ती आहे, त्याचे आकडे शेजारच्या केंद्रांत मिळवूनच तक्ता लोकांसमोर ठेवावा, आणि वाड्यांच्या नावांचा नकाशा स्वतःपाशी ठेवावा.