रिअ‍ॅक्टला रिडक्स जोडताना

नव्याने रिडक्स (अ‍ॅपची सामायिक माहिती एका जागी सांभाळणारी लायब्ररी) शिकणाऱ्यांचा बराचसा वेळ स्टोअर, म्हणजे ती जागा, उभारण्यात जातो. ते काम दहा-पंधरा ओळींचं. खरी गफलत होते ती कंपोनंट (स्क्रीनचा एक भाग) स्टोअरमधून माहिती वाचतो तिथे.

जोडणीसाठी रिडक्स टूलकिट आणि रिअ‍ॅक्ट-रिडक्स ही दोन पॅकेजेस पुरतात. जुन्या ट्यूटोरियलमधलं क्रिएटस्टोअर सोडा, कॉन्फिगरस्टोअर घ्या. थंक (असिंक्रोनस कामांसाठीचं मिडलवेअर) आणि डेव्हटूल्स (घडलेले बदल ब्राउझरमध्ये दाखवणारं साधन) त्यात आधीच जोडलेले असतात. क्रिएटस्लाइसने स्लाइस (स्टेटचा, म्हणजे साठवलेल्या माहितीचा, एक भाग आणि तो बदलणारा कोड) बनवा, त्याचा रिड्यूसर (अ‍ॅक्शनवरून, म्हणजे बदलाच्या सूचनेवरून, नवी स्टेट ठरवणारं फंक्शन) स्टोअरला द्या आणि मूळ कंपोनंट प्रोव्हायडरच्या (आतल्या कंपोनंटना स्टोअर पुरवणाऱ्या कंपोनंटच्या) आत ठेवा. प्रोव्हायडर राहून गेला तर लगेच एरर येते. स्टेटमधून वाचताना की (भागाचं नाव) चुकली तर मात्र नुसतं अनडिफाइन्ड हाती येतं. स्लाइसला दिलेलं नाव फक्त अ‍ॅक्शनच्या टाइपमध्ये जातं. स्टेटमधली जागा ठरते ती कॉन्फिगरस्टोअरमध्ये लिहिलेल्या कीवरून.

आता यूजसिलेक्टर, म्हणजे कंपोनंटमधून स्टेट वाचायचं हुक. काय वाचायचं ते सांगणारं फंक्शन म्हणजे सिलेक्टर. कोणत्याही अ‍ॅक्शनने स्टेट बदलली की तुमचा सिलेक्टर पुन्हा चालतो आणि आधीचं उत्तर नव्या उत्तराशी तीन बरोबरच्या चिन्हांनी ताडून पाहिलं जातं. सिलेक्टरमध्येच फिल्टर किंवा मॅप केलं, तर दर वेळी नवा अ‍ॅरे तयार होतो. आतला मजकूर तोच असला तरी तुलना फसते, आणि ज्या बदलाशी काही संबंध नाही त्यानंतरही कंपोनंट रेंडर होतो. यादी मोठी असेल तर टाइप करताना स्क्रीन अडखळते ती बऱ्याचदा यामुळे. उपाय सोपा आहे: गाळलेली यादी हवी असेल तर क्रिएटसिलेक्टर वापरा (इनपुट बदलले नसतील तर तो आधीचंच उत्तर परत देतो), आणि दोन-तीन किमती हव्या असतील तर ऑब्जेक्ट न बनवता यूजसिलेक्टर तितक्या वेळा वेगवेगळा लिहा.

रिड्यूसरमध्ये इमर (थेट केलेल्या बदलांतून नवी प्रत बनवणारी लायब्ररी) असल्यामुळे पुश थेट चालतं. पण पूर्ण स्टेटलाच नवा अ‍ॅरे असाइन केला तर काहीच घडत नाही, कारण तिथे फक्त लोकल व्हेरिएबल बदलतं. नवी किंमत रिटर्न करा. तारीख डेट ऑब्जेक्ट म्हणून न ठेवता स्ट्रिंग म्हणून ठेवा. फॉर्ममध्ये टाइप होणारी अक्षरं यूजस्टेटमध्येच बरी.

स्क्रीन बदलत नसेल तर आधी डेव्हटूल्स उघडा. अ‍ॅक्शन दिसते, स्टेटही बदललेली आहे, म्हणजे सिलेक्टर तपासा. अ‍ॅक्शनच दिसत नसेल, तर बहुधा अ‍ॅक्शन क्रिएटर नुसता कॉल झालाय: त्याने ऑब्जेक्ट बनवला, पण तो डिस्पॅचला (स्टोअरकडे अ‍ॅक्शन पाठवणाऱ्या फंक्शनला) दिलाच नाही.