अ‍ॅफिलिएट मार्केटिंगमध्ये टिकून राहायचे असेल तर : ठाणे–नवी मुंबईतील नवोदितांसाठी

अ‍ॅफिलिएट मार्केटिंगची यंत्रणा समजायला पाच मिनिटे पुरतात. वस्तूची किंवा सेवेची शिफारस करताना आपण जी लिंक देतो तिच्यात आपला ओळख क्रमांक असतो. वाचकाने ती उघडली की त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे तो आपल्याकडून आल्याची खूण ठेवणारी छोटी फाइल, साठवली जाते आणि ठरलेल्या मुदतीत खरेदी झाली तर विक्रेता आपल्याला कमिशन देतो. अमेझॉनचा असा कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे आणि त्यात ही मुदत साधारण २४ तासांची असते. होस्टिंग किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या अनेकदा ३० ते ९० दिवसांची मुदत देतात. माल आपला नसतो, गोदाम आपले नसते, बिलही आपण फाडत नाही. वाशीच्या एपीएमसी बाजारातील अडत्याप्रमाणे आपण मध्ये उभे असतो, आणि त्याच्याप्रमाणेच पत गेली की गाळा शाबूत असूनही गिऱ्हाईक फिरकत नाही.

सेलच्या दिवसांत कूपनांचा मारा करून पहिली खरेदी कोणीही घडवून आणू शकतो. आपल्या सांगण्यावरून एकदा वस्तू घेतलेला माणूस पुढच्या खरेदीच्या वेळी आपणहून परत येतो का, यावर मात्र हा व्यवसाय वर्षानुवर्षे चालणार की दोन दिवाळ्यांत आटोपणार, हे ठरते. विषय कोणता घ्यावा, कोणत्या कंपन्यांशी जोडून घ्यावे, खुलासा कसा लिहावा, हे सर्व निर्णय त्या दुसऱ्या खरेदीकडे नजर ठेवून घ्यावेत.

सुरुवातीलाच एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. ‘घरबसल्या अ‍ॅफिलिएट मार्केटिंग शिका’ असे सांगत काही हजार रुपयांचा कोर्स विकणाऱ्या आणि तो घेतल्यावर तोच कोर्स आणखी लोकांना विकायला लावणाऱ्या योजना सध्या महाविद्यालयीन मुलांपर्यंत सर्रास पोहोचत आहेत. ओळखण्याची कसोटी सोपी आहे. कमिशन मिळवण्यासाठी आधी पैसे भरावे लागत असतील आणि उत्पन्न मुख्यतः नवे सभासद आणण्यातून येत असेल, तर ते अ‍ॅफिलिएट मार्केटिंग नव्हे. अशा पिरॅमिड योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांनी मनाई केलेली आहे आणि पैसे फिरवण्याच्या योजनांविरुद्ध १९७८ पासून स्वतंत्र कायदा आहे. प्रामाणिक कार्यक्रमात नाव नोंदवण्यासाठी सहसा एक पैसाही लागत नाही.

विषयाची निवड करताना बहुतेक जण कमिशनचा तक्ता समोर घेऊन बसतात. त्याऐवजी, कंपनीच्या पानावर नसलेली कोणती माहिती आपल्याला ठाऊक आहे, हे आधी तपासावे. ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्याला अशी माहिती शोधायला लांब जावे लागत नाही. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांचेच उदाहरण घेऊ. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण खालापूर तालुक्यात आहे आणि नेरूळ किंवा वाशीच्या नळाला येणारे धरणाचे पाणी मुळातच कमी क्षारांचे असते. घोडबंदर रस्त्यावरील कित्येक सोसायट्यांना मात्र, विशेषतः उन्हाळ्यात, टँकर आणि बोअरवेलचा आधार घ्यावा लागतो आणि ते पाणी बरेचदा जड निघते. खारघर पनवेल महापालिकेत मोडते, त्यामुळे तिथली व्यवस्था पुन्हा निराळी. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण एका लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे योग्य मानले जाते. ज्या घरी ते १०० च्या आसपास आहे तिथे क्षार काढणारे आरओ यंत्र बसवणे म्हणजे पैसा आणि पाणी दोन्ही वाया घालवणे होय, कारण हे यंत्र शुद्ध पाण्याबरोबर बरेच पाणी नाकारून सांडपाण्यात सोडते. अशा घरी यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारे) किंवा यूएफ (अतिसूक्ष्म गाळणीचे) पद्धतीचे स्वस्त यंत्र पुरते.

हे लिहिण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पाण्यातील क्षार मोजणारे, काही शे रुपयांचे खिशात मावणारे मीटर घ्यावे आणि नात्यातल्या, ओळखीतल्या घरी जाऊन नळाचे पाणी मोजावे. ते महापालिकेचे आहे की टँकरचे, पाणी थेट नळाचे आहे की गच्चीवरच्या टाकीतले, महिना कोणता, हे वहीत टिपून ठेवावे. एखाद्या घरी आरओ चालू असेल तर त्याच्या सांडपाण्याची नळी बादलीत सोडून, एक हंडा शुद्ध पाणी भरेपर्यंत किती पाणी वाया गेले ते मापाने पाहावे. दुरुस्तीला येणाऱ्या कारागिराला मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) आणि फिल्टर कधी बदलावे लागतात, वार्षिक देखभालीचा करार केवढ्याला पडतो, कोणत्या बनावटीचे सुटे भाग ठाण्यात सहज मिळतात, हे विचारावे. तो जे सांगतो ते जाहिरातीत कधीच नसते. मीटर फक्त क्षार मोजते, जंतू मोजत नाही, हेही लेखात स्पष्ट लिहावे, नाहीतर आकडा कमी आला म्हणून कोणी न उकळता, न गाळता पाणी पिऊ लागेल.

आता हिशेब पाहू. समजा आरओ यंत्र १५,००० रुपयांचे, साधे यूव्ही यंत्र ७,००० रुपयांचे आणि कमिशन दोन्हींवर ५ टक्के असेल, तर पहिल्यावर ७५० आणि दुसऱ्यावर ३५० रुपये मिळतील. नेरूळच्या वाचकाला दुसरे यंत्र सुचवणारा माणूस त्या दिवशी ४०० रुपये सोडतो. पण तोच वाचक पुढे फिल्टरसाठी येतो, मग मुलुंडच्या बहिणीला लेख पाठवतो, आणि जड पाण्यामुळे गीझरच्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो का, वॉशिंग मशीनसाठी कोणती पावडर चांगली, असे पुढचे प्रश्न घेऊन येतो. एका पाण्याच्या विषयातून गीझर, वॉशिंग मशीन, शॉवरचे फिल्टर, टाकी सफाई अशी लेखांची साखळी तयार होते, आणि ती ओढूनताणून जोडलेली वाटत नाही. मोबाइल आणि हेडफोन यांच्या परीक्षणांत नव्याने उतरणाऱ्यांना हे सुख मिळत नाही; तिथे मोठ्या संस्थांशी गाठ असते आणि वस्तू सहा महिन्यांत जुनी होते.

मजकूर कुठे ठेवावा, याबाबत माझे मत ठाम आहे : स्वतःच्या डोमेनवरील, म्हणजे स्वतःच्या नावे घेतलेल्या वेब-पत्त्यावरील, वेबसाइट हे मूळ घर असावे आणि यूट्यूब, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल ही तिथे येण्याची वाट असावी. केवळ दुसऱ्याच्या जागेवर उभारलेला व्यवसाय एका नियमबदलात कोसळू शकतो. स्वतःच्या वेबसाइटलाही शोधयंत्राचा धोका आहेच. मार्च २०२४ मध्ये गूगलने मोठ्या प्रमाणावर रतीब घातलेल्या, वाचकाला काही नवे न देणाऱ्या मजकुराविरुद्ध नियम कडक केले, आणि आता शोधाच्या निकालात वरच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर दिसत असल्यामुळे ‘आरओ म्हणजे काय’ अशा सर्वसाधारण लेखांवर कोणी क्लिक करीलच असे नाही. ‘कासारवडवलीच्या टँकरच्या पाण्याला कोणते यंत्र’ या प्रश्नाचे उत्तर मात्र ज्याने मोजून पाहिले आहे त्याच्याचकडे असते. त्याखेरीज वाचकांच्या संमतीने ईमेल पत्त्यांची यादी पहिल्या महिन्यापासून जमवावी. काही कार्यक्रमांच्या नियमांनुसार अ‍ॅफिलिएट लिंक थेट ईमेलमध्ये टाकता येत नाही. म्हणून ईमेलमधून आपल्या लेखाकडे न्यावे आणि लिंक लेखात असावी.

कार्यक्रमांत सहभागी होताना अटी शेवटपर्यंत वाचाव्यात, कारण खाते बंद होण्याची कारणे तिथेच लिहिलेली असतात. अमेझॉनमध्ये पहिल्या १८० दिवसांत किमान ३ पात्र विक्री व्हाव्या लागतात; म्हणून लेख पुरेसे तयार होण्याआधी नाव नोंदवण्याची घाई करू नये. स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करणे किंवा घरच्यांकडून करवणे हा तिथे नियमभंग आहे. कमिशनचे दर कंपनी एकतर्फी बदलू शकते, हेही गृहीत धरावे. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये अमेझॉनने फर्निचर आणि घरसुधारणेच्या वस्तूंवरील दर ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, तेव्हा एकाच कार्यक्रमावर विसंबलेल्यांचे उत्पन्न रातोरात निम्म्याहूनही खाली आले. म्हणून क्यूलिंक्स किंवा अ‍ॅडमिटॅडसारख्या, अनेक विक्रेत्यांचे कार्यक्रम एकत्र देणाऱ्या नेटवर्कमधून इतर विक्रेते जोडावेत आणि जमेल तिथे स्थानिक व्यावसायिकाशी थेट ठरवावे. टाकी सफाई करणारा किंवा वागळे इस्टेटमधला सुटे भाग विकणारा दुकानदार ऑनलाइन विक्रेत्यापेक्षा अधिक टक्के देऊ शकतो. मात्र व्यवहार लेखी असावा आणि ग्राहक आपल्याकडून आला हे कळण्यासाठी वेगळे कूपन किंवा वेगळा फोन नंबर ठेवावा, नाहीतर महिन्याअखेरीस वाद होतो.

नोकरी मात्र लगेच सोडू नये. आज झालेली विक्री खात्यात ‘प्रलंबित’ दिसते, माल परत करण्याची मुदत संपल्यावर ती मंजूर होते आणि पैसे त्यानंतर, बरेचदा दोन-तीन महिन्यांनी हातात येतात. दसरा-दिवाळीचे आकडे पाहून घरभाड्याचे गणित मांडणाऱ्याची फेब्रुवारीत ओढाताण होते.

आपल्याला कमिशन मिळते हे सांगणे आता केवळ सौजन्य राहिलेले नाही. जाहिरातींचे स्वयंनियमन करणाऱ्या एएससीआय या संस्थेने २०२१ मध्ये डिजिटल शिफारशींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी १० लाखांपर्यंत, पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मजकूर मराठीत असेल तर खुलासाही मराठीत द्यावा, आणि तो पानाच्या तळाशी न ठेवता पहिल्या लिंकच्या आधी ठेवावा : ‘या लेखातील लिंकवरून खरेदी केल्यास विक्रेता आम्हाला कमिशन देतो, तुम्हाला त्यासाठी जादा पैसे पडत नाहीत.’ व्हिडिओत हे तोंडीही सांगावे आणि पडद्यावरही दाखवावे. असा खुलासा वाचून वाचक पळून जातो, ही भीती निराधार आहे. लपवलेले कमिशन उघडकीस आले की तो पळतो. वेबसाइटच्या तांत्रिक बाजूने अशा लिंकना ‘स्पॉन्सर्ड’ हे चिन्ह लावण्याची सोय गूगलने २०१९ पासून दिली आहे, ती वापरावी.

काही क्षेत्रांत कमिशन मोठे दिसले तरी शिरू नये. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली असून जाहिरात करणाऱ्यालाही तुरुंगवास होऊ शकतो. शेअर बाजाराबाबत, बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीकडे नोंदणी नसताना सल्ला देणे हाही नियमभंगच आहे.

कागदपत्रांचे काम एका आठवड्यात उरकते. एकल मालकीचा व्यवसाय, त्यासाठी लहान उद्योगांची मोफत उद्यम नोंदणी, मोजकेच कामगार असल्यास गुमास्ता कायद्याखाली केवळ ऑनलाइन सूचना, बँकेत चालू खाते आणि वार्षिक २,५०० रुपयांचा व्यवसाय कर, इतके बहुतेकांना पुरते. कमिशन वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेले की देणारी कंपनी २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापते, आणि पॅन दिला नसेल तर २० टक्के. कापलेली रक्कम आयकराच्या पोर्टलवर जमा दिसते का, हे दर तिमाहीला ताडून पाहावे. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढे गेल्यास जीएसटी नोंदणी लागते आणि कमिशनवर १८ टक्के आकारावे लागतात. परदेशी कार्यक्रमांतून पैसे येत असतील तर त्यांना निर्यात म्हणायचे की नाही हा गुंतागुंतीचा प्रश्न आहे. तिथे अंदाजाने न जाता सीएची फी मोजावी.

यापुढचे काम म्हणजे जुन्या लेखांची निगा, आणि नवशिके नेमके तेच टाळतात. महिन्यातून एक दिवस नवे काही न लिहिता फक्त जुने लेख उघडावेत. बंद पडलेल्या लिंक काढाव्यात, बाजारातून गेलेल्या मॉडेलच्या जागी काय आले ते पाहावे आणि हाताने लिहिलेल्या किमती काढून टाकाव्यात, कारण त्या दुसऱ्या दिवशीच खोट्या ठरतात. आपण सुचवलेल्या यंत्राबद्दल वाचकांच्या तक्रारी येऊ लागल्या, समजा एकाच मॉडेलचे पंप लवकर जळत आहेत असे तीन-चार घरांतून कळले, तर ती लिंक त्याच दिवशी काढावी आणि लेखाच्या माथ्यावर तारीख घालून कारण लिहावे. ज्यांनी ते यंत्र आधीच घेतले आहे त्यांच्यासाठी वॉरंटीची मुदत किती, बिलाची प्रत कुठे मिळेल, कंपनीकडे तक्रार कशी नोंदवावी आणि दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर कसा फोन करावा, हेही त्याच ठिकाणी द्यावे, आणि ईमेलच्या यादीतील सर्वांना त्या दुरुस्त केलेल्या लेखाची लिंक पाठवावी.