निसर्गवाचन गटात जाण्यापूर्वी

नाशिकमध्ये निसर्गलेखन वाचणाऱ्या एखाद्या वाचक गटात सामील होणार असाल, तर पहिल्या बैठकीपूर्वी संपूर्ण पुस्तक संपवण्याचा अट्टहास धरू नये. त्यातील एकच प्रकरण दोनदा वाचून, जिथे थबकलात त्या ओळीच्या समासात पेन्सिलीने खूण करावी. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ महिन्यांनुसार रचलेले असल्याने दर बैठकीला एक महिना घेणे सोयीचे पडते. (पुस्तक ग्रंथालयाचे असेल, तर खुणेऐवजी चिठ्ठी!) हिवाळ्यातील एक बैठक मात्र निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरला, महाराष्ट्राच्या पहिल्या रामसर स्थळी (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागी), भल्या सकाळी ठेवण्याचा आग्रह जरूर धरावा, कारण पाणथळीवरील बदकांचा कलकलाट कानी पडल्यावर वाचलेली वर्णने निराळीच उलगडतात. दुर्बीण नसली तरी अडत नाही, वही मात्र हवीच.